अंगावरचे बिऱ्हाडकरू

दिवाळीच्या अंकात करंजी-चकलीसारखे खुसखुशीत काहीतरी असावे, असा रिवाज आहे. या पानावर मी वर्षभर शब्दांच्या कुळकथा सांगत असतो. पण या खेपेला घेतलेला शब्द ऐकून काही वाचक नाक मुरडतील. शब्द आहे ‘कोंडा’. तांदळाचा नव्हे, डोक्यातला.

नाक मुरडण्यापूर्वी एक मौज पाहा. डोक्यातून खांद्यावर गळणाऱ्या पांढऱ्या भुशाला आपल्या आजीने कोंडा म्हटले, कारण तो चाळणीत उरलेल्या कोंड्यासारखा दिसतो. वैद्यकशास्त्रात अशा भुसा गाळणाऱ्या त्वचाविकारांना ‘पिटिरिॲसिस’ म्हणतात. त्याच्या मुळाशी ग्रीक भाषेतला ‘पितुरोन’ हा शब्द आहे, आणि त्याचा अर्थ कोंडा. लॅटिन बोलणाऱ्या रोमनांचा शब्द ‘फुर्फुर’. त्याचाही अर्थ कोंडाच! म्हणजे ग्रीसमधली गृहिणी, रोममधली गृहिणी आणि आपली आजी यांची एकमेकींशी ओळखदेख नसताना तिघींनी धान्याची तीच चाळणी हाती घेतली आणि नवऱ्याच्या खांद्याकडे पाहून तोच शब्द उच्चारला. शब्दांच्या नादी लागलेल्या माणसाला याहून मोठा फराळ कोणता?

परंतु हा कोंडा दळतो कोण? तिथून कथेचा दुसरा अध्याय सुरू होतो, आणि तो आपल्या कातडीवर राहणाऱ्या एका चिमुकल्या वसाहतीचा आहे. या वसाहतीतल्या रहिवाशांना यीस्ट म्हणतात. शास्त्रीय परिभाषेत किण्व, पाववाल्याच्या भाषेत खमीर. पण अंगावरचे यीस्ट आणि पावातले यीस्ट यांचे गोत्र निराळे. अंगावरचे यीस्ट हे भूछत्रांच्या मोठ्या शाखेतले आहे. आणि शेतकरी वाचकांना त्याचा याहून जवळचा नातलग ठाऊक आहे: ज्वारीच्या कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरणारी काणी. कणसावर काणी आणि माणसावर हे. एकाच घराण्याच्या दोन पाती.

या घराण्याची ओळख पटायला शास्त्रज्ञांना फार कष्ट पडले. १८४६ साली आइखश्टेट या जर्मन डॉक्टरांना अंगावरच्या एका प्रकारच्या डागांत बुरशी दिसली. १८५३ साली पॅरिसच्या शार्ल रोबँ यांनी तिच्या नावात ‘फुर्फुर’ हा शब्द घातला. १८७४ साली लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञांनी डोक्यातल्या कोंड्यात वाटोळ्या-लांबट पेशी पाहिल्या. १८८९ साली बायों या वनस्पतिशास्त्रज्ञांनी मालासे यांच्या सन्मानार्थ वंशाला ‘मालासेझिया’ हे नाव दिले. माणसाचे नाव रस्त्याला देतात, पुलाला देतात. बिचाऱ्या मालासेंचे नाव कोंड्याला मिळाले. असो. कोणाची स्मृती कशात उरेल, हे सांगता येत नाही.

पुढे घोटाळा असा झाला की, डागांत ही बुरशी बारीक धाग्यांच्या रूपात दिसे आणि कोंड्यात नुसत्या वाटोळ्या पेशींच्या. तेव्हा हे दोन निरनिराळे जीव असावेत असे पुष्कळांना वाटले. १९०४ साली साबुरो यांनी कोंड्यातल्याला ‘पिटिरोस्पोरम’ असे वेगळे नाव दिले. एकच गृहस्थ कचेरीत कोट-टोपी घालून बसावा, घरी पंचा नेसून वावरावा आणि शेजाऱ्यांनी ते दोन भाऊ समजावेत, तसे हे झाले. या दोन्ही रूपांना एकाच मालासेझिया वंशात बसवणाऱ्या पहिल्या काही जणांत एक भारतीय होते, हे आवर्जून सांगितले पाहिजे. कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ गणपती पांजा यांनी १९२७ सालीच ते मत मांडले. जगाने पिटिरोस्पोरम हे नाव रीतसर मागे टाकले ते १९८० च्या दशकात.

घोटाळा इतका लांबला याचे एक कारण म्हणजे हा जीव प्रयोगशाळेत वाढतच नसे. बुरश्या वाढवण्यासाठी ज्या खाद्यावर जगभर भिस्त ठेवतात, ते साबुरो यांच्याच नावाने ओळखले जाते. आणि त्यांनीच बारसे केलेला हा जीव त्यांच्या ताटाला तोंड लावीत नसे! यातली खोच १९३९ साली अमेरिकेतल्या ऱ्होडा बेनहॅम या विदुषींनी दाखवून दिली. त्याला तेल हवे होते. खाद्यावर ऑलिव्हच्या तेलाचा हात फिरवला की मंडळी पंगतीला बसतात.

आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक आहेत. मराठीच्या माणसाला शास्त्रातले काही कळत नाही, या विषयावर त्यांचा माझा जुना वाद आहे. गेल्या पावसाळ्यात मी कोंड्याच्या व्युत्पत्तीवर बोलू लागताच त्यांनी मला धरून प्रयोगशाळेत नेले.

“कपाळावर ही चिकटपट्टी दाबा, आणि काढा.”

मी काढली. ती त्यांनी काचपट्टीवर चिकटवली, निळ्या रंगाचा थेंब सोडला आणि सूक्ष्मदर्शकावर ठेवली. मी डोळा लावला. कातडीच्या फिकट चौकोनी-पंचकोनी फरशांवर निळे ठिपके विखुरले होते. काही गोल, काही लांबट. नीट पाहिले तर एखाद्या ठिपक्याच्या टोकाला दुसरा छोटा ठिपका फुटलेला. जणू बुटक्या बाटलीला बूच.

“तो मुलगा,” प्राध्यापक म्हणाले. “ही मंडळी एकाच टोकाला कोंब काढतात. मूल वेगळे झाले की आईच्या टोकाला कॉलरसारखी कड राहते. एकेक पेशी मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या दोन-चार पट. फार तर आठ पट.”

“हे माझ्या कपाळावर कधीपासून आहेत?”

“तुमच्या बारशाच्या आधीपासून. भाडे देत नाहीत हे खरे, पण नळाच्या पाण्यावरून भांडतही नाहीत.”

त्या दिवसापासून आरशात पाहताना मी एकटा नाही, ही जाणीव मला सुटलेली नाही. वाचकहो, तुम्हीही नाही. निरोगी माणसाच्या अंगावर मालासेझियाचे बिऱ्हाड असतेच. मूल जन्मते आणि आई त्याला छातीशी धरते, त्या पहिल्या काही दिवसांतच ही वसाहत सुरू होते. आईकडून मिळालेल्या संप्रेरकांमुळे तान्ह्या बाळाच्या तेलग्रंथी काही काळ जोरात असतात. टाळूवर पिवळसर, तेलकट खपल्या धरतात, त्यांच्याशीही या यीस्टचा संबंध जोडला जातो. पुढे ग्रंथी शांत होतात, वस्ती विरळ होते, आणि मराठी शाळेतल्या पोराच्या अंगावर नाना जातींच्या बुरश्यांचा मिश्र बाजार भरतो. मग मॅट्रिकचे वय येते, ओठांवर लव येते, चेहरा तेलकट होतो, आणि मालासेझियाला सुगीचे दिवस येतात. लहान मुलांना कोंडा क्वचितच होतो आणि कॉलेजात पाऊल टाकताच होतो, याचे कारण हे. म्हातारपणी तेल आटते, वस्तीही आटते.

तेलावाचून यांचे अडते का? अडते, आणि ते त्यांच्या कुंडलीतच लिहिलेले आहे. २००७ साली मालासेझिया ग्लोबोसा या जातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. त्यात चार हजारांवर जनुके सापडली. पण स्वतःचे स्निग्धाम्ल घरी तयार करण्यासाठी जे जनुक लागते, तेच सापडले नाही. उलट दुसऱ्याचे तेल फोडून खाण्यासाठी लागणाऱ्या पाचक रसांची जनुके भरपूर. म्हणजे या घरात चूल नाही, खानावळीचा डबा तेवढा येतो. तो डबा म्हणजे आपल्या कातडीतले तेल. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण अभ्यंगाला बसतो तेव्हा दिवाळी दोघांची असते, असे म्हणायला हरकत नाही.

आता या वसाहतीचा नकाशा पाहू. प्रौढ माणसाची कातडी पसरली तर दीड-दोन चौरस मीटर भरते. एक चांगली सतरंजीच. पण तिच्यावर दाटी सगळीकडे सारखी नाही. डोके, कपाळ, नाकाच्या दोन्ही बाजू, कानामागची घडी, छातीचा मधला पट्टा आणि पाठीचा वरचा भाग हा झाला चाळींचा मुलूख. तेलग्रंथी दाट, म्हणून वस्तीही दाट. तळहात-तळपायांवर तेलग्रंथी मुळीच नाहीत. २०१३ साली अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी दहा निरोगी माणसांच्या अंगावरच्या चौदा ठिकाणांची शिरगणती प्रसिद्ध केली. डोके, धड आणि हात यांवरच्या अकरा ठिकाणी मालासेझियाचेच बहुमत होते. उरलेली तीन ठिकाणे पायाची होती: टाच, बोटांच्या बेचक्या आणि नखे. तिथे मात्र सरमिसळ जत्रा. एकट्या टाचेवर सुमारे ८० वंशांच्या बुरश्या! जमिनीशी आणि वहाणांशी रोजची गाठ असल्यावर दुसरे काय होणार? मालासेझियाच्या आता दीड डझनाच्या घरात जाती मोजल्या जातात, आणि त्यांच्यातही आळी वाटून घेतलेल्या आहेत. रेस्ट्रिक्टा कानाच्या नळीत आणि कानामागे, ग्लोबोसा पाठीवर. एक जात, पॅकिडर्मॅटिस, मुख्यतः कुत्र्यांच्या अंगावर राहते. पण तिचे नाव ‘जाड कातडीच्या’ प्राण्यावरून पडले, कारण १९२५ साली ती प्रथम वेगळी केली गेली ती एका भारतीय गेंड्याच्या अंगावरून.

इतके सगळे जर जन्मापासूनचे सोबती, तर मग कोंडा का व्हावा? प्रकार असा आहे. हे यीस्ट आपले पाचक रस बाहेर टाकते आणि कातडीवरचे तेल तिथेच फोडते. त्यातली त्याला आवडणारी संपृक्त स्निग्धाम्ले ते उचलते आणि नावडती, ओलेइक आम्लासारखी असंपृक्त, पानावरच टाकून उठते. हे खरकटे काहींच्या कातडीला सोसते, काहींच्या सोसत नाही. ज्यांना सोसत नाही त्यांची टाळू चिडते, कातडीच्या पेशी घाईघाईने तयार होतात आणि एकेक न गळता पुंजक्यापुंजक्याने गळतात. तोच कोंडा. म्हणजे यीस्ट दोघांच्याही डोक्यात आहे. फरक आहे तो यजमानाच्या सोशिकपणाचा. कोंड्याचा मांडा करावा असे आपण म्हणतो. हे आपल्या तेलाचा मांडा करून कोंडा आपल्या पदरी टाकते! कोंडा झाला की डोक्यावर आणखी तेल थापायची आपली रीत आहे. त्याने पापुद्रे चिकटून बसतात आणि दिसेनासे होतात, इतकेच. कोंडा असताना तेल मुरवत ठेवू नका, औषधी शाम्पू लावा, असेच डॉक्टर बहुधा सांगतात.

काही वाचक म्हणतील, मग साबणाने घासून ही पीडा एकदाची हाकलावी. ते जमत नाही. आज धुतलेली वस्ती थोड्या दिवसांत पुन्हा उभी राहते, कारण केसांच्या मुळाशी ती खोल रुजलेली असते. आणि हाकलण्यात शहाणपण आहे असेही नाही. पू करणारा जो स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू, तो कातडीवर चिकट थर धरून बसतो. ग्लोबोसाचा एक रस प्रयोगशाळेत तो थर मोडतो, असे २०१८ साली दिसून आले. चाळीतला एखादा बिऱ्हाडकरू रात्री उठून चोराला हटकतो, तसे. तेव्हा अंगावर यीस्ट असणे ही अस्वच्छता नव्हे. रोज दोनदा आंघोळ करणाऱ्याच्या अंगावरही ते असते.

बिऱ्हाडकरू जागा सोडून भलतीकडे घुसले तर मात्र अनर्थ होतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांना शिरेतून स्निग्ध द्रव देतात. ज्याला तेलाची ओढ, ते यीस्ट त्या नळीवर जाऊन बसले आणि रक्तात शिरले, अशा घटना १९८० च्या दशकापासून नोंदल्या गेल्या. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अहवालात तर अमेरिकेतल्या एका रुग्णालयातल्या तान्ह्या बाळांना पॅकिडर्मॅटिस या जातीने गाठल्याचे वर्णन आहे. परिचारिकांच्या घरची कुत्री, त्यांच्यावरून त्यांचे हात आणि हातांवरून बाळे, असा तो प्रवास असावा, असे ठरले. उपाय काय, तर हात नीट धुणे. पाण्यात राबणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. लोकांची भांडी घासणाऱ्या बाईच्या मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या बेचकीत कातडी पांढरी पडून सोलते. ते काम बहुधा कँडिडा या दुसऱ्या यीस्टचे. भाताच्या लावणीत चिखलात उभे राहणाऱ्यांच्या पायाला चिखल्या होतात, त्यांतही जंतूंबरोबर बुरश्या आणि यीस्ट यांचा हात असतो. या बाईला मलमाइतकीच कोरड्या फडक्याची आणि अर्ध्या दिवसाच्या विश्रांतीची गरज असते. ती तिला कोण देणार?

या कँडिडांपैकी ऑरिस नावाचा एक उपद्व्यापी पाहुणा २००९ साली जपानमध्ये एका वृद्धेच्या कानात प्रथम ओळखला गेला. तो कातडीवर मुक्काम करतो, रुग्णालयात एका रोग्यावरून दुसऱ्यावर जातो आणि नेहमीच्या औषधांना पुष्कळदा दाद देत नाही. माणसांबाहेर, मोकळ्या निसर्गात तो प्रथम सापडला तो आपल्या अंदमान बेटांवर. ते संशोधन दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली प्रसिद्ध केले. पण ही चिंता रुग्णालयांची. घराघरातली चिंता दुसरीच आहे, आणि तिच्यासाठीच मी हे सारे पुराण लावले आहे.

ती चिंता म्हणजे शिबे. कोकणात, मुंबईत, गोव्यात, जिथे उकाडा आणि ओल एकत्र नांदतात तिथे, ऐन तारुण्यात छातीवर, पाठीवर, मानेवर फिकट किंवा तपकिरी डाग उमटतात. करणारा तोच, मालासेझिया. घाम आणि तेल वाढले की तो वाटोळा बिऱ्हाडकरू लांब होऊन धागे काढू लागतो. डागावरचा भुसा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर धागे आणि गोळे एकत्र दिसतात. इंग्रजी पुस्तकांत याला इटालियन शेवया आणि मांसाचे गोळे यांची उपमा देतात. आपल्याला शेवयांत साबुदाणा सांडल्यासारखे वाटेल. डाग फिकट दिसतो, कारण तिथे कातडीचा रंग तयार होण्याचे काम मंदावते. औषधाने यीस्ट मेले तरी रंग परतायला काही महिने लागतात, आणि पुढच्या उन्हाळ्यात डाग पुन्हाही येऊ शकतात. याचा स्पर्शाने लागण होण्याशी काही संबंध नाही. जे प्रत्येकाच्या अंगावर आहेच, ते लागणार कोणाला?

आता शब्दांकडे येतो. चरकसंहितेत ‘सिध्म’ नावाचा एक विकार सांगितला आहे. पांढरा किंवा तांबूस, पातळ, घासले असता धूळ सुटणारा, दुधी भोपळ्याच्या फुलाच्या रंगाचा आणि बहुधा छातीवर येणारा. आजचा त्वचारोगतज्ज्ञ शिब्याच्या डागावर नख फिरवून भुसा सुटतो का, हेच पाहतो. सूक्ष्मदर्शकावाचून केवढे हे निरीक्षण! पण चरकाने या सिध्माची गणना केली ती सात महाकुष्ठांत. सुश्रुताने तो उतरवून क्षुद्रकुष्ठांत बसवला. त्या काळी ‘कुष्ठ’ हा शब्द कातडीच्या नाना विकारांचे एक मोठे गाठोडे होता. पुढे गाठोडे सुटले, आणि कुष्ठ म्हणजे महारोग असा अर्थ पक्का झाला. याच ‘कुष्ठ’ शब्दापासून हिंदीत ‘कोढ़’ झाला, त्याचा अर्थ महारोग. मराठीत ‘कोड’ झाला, त्याचा अर्थ पांढरे डाग. ते महारोगाचे तर नव्हेतच, पण संसर्गाचेही नव्हेत, तिथल्या रंगपेशी नाहीशा होतात एवढेच. (‘कोडकौतुक’ यातला कोड निराळा, तो वाट्याला येणे हे भाग्याचे.) शिबे, कोड आणि महारोग हे तीन वेगळे विकार, पण नावांच्या नात्यामुळे तिघांची भीती मात्र एकाच पेटीत कुलूपबंद झाली आहे.

ही पेटी उघडल्यावर काय होते, ते मी जवळून पाहिले आहे. माझी एक जुनी विद्यार्थिनी, शिकवणीच्या पैशांवर बी. ए. झालेली. दोन वर्षांमागे तिचे लग्न ठरले. सुपारी फुटल्यावर साडीखरेदीच्या वेळी मुलाच्या मावशीला तिच्या मानेवर आणि पाठीवर फिकट डाग दिसले. मावशी तिथे काही बोलल्या नाहीत. घरी जाऊन एक शब्द बोलल्या: कोड. आठ दिवसांत मुलाकडचे फोन थांबले. वडील हातात पत्रिकांचा मसुदा घेऊन माझ्याकडे आले. “सर, तुम्ही त्यांना एक पत्र लिहा. तुमच्या शब्दाला वजन आहे.”

मी म्हटले, “आधी तिला डॉक्टरांना दाखवू या.”

त्वचारोगतज्ज्ञांनी पाच मिनिटांत भुसा खरवडला, काचेवर घेतला, पाहिला आणि सांगितले, शिबे आहे. औषध दिले. वडिलांच्या डोळ्यांत पाणी आले. “म्हणजे कोड नाही ना? देवानं राखलं.” मी ते पत्र लिहिले, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत जोडली. उत्तर आले, ते असे: डाग पूर्ण गेल्यावर पाहू. वडील तेवढ्यावरही तयार होते. मुलगी तयार नव्हती.

ती मला म्हणाली, “सर, डाग जातील. पण उद्या खरंच कोड आलं असतं तर? ते काय माझं पाप ठरलं असतं?”

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, कारण उत्तर तिच्या प्रश्नातच होते. ‘कोड नव्हे, शिबे आहे,’ असे म्हणून आपण सुटकेचा श्वास टाकतो, तेव्हा ज्यांना खरोखर कोड आहे त्यांना आपण आणखी थोडे दूर ढकलतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ साली ‘नितळ’ हा चित्रपट काढला, तो कोड असलेल्या तरुणीचाच. महारोगाचीही तीच कथा. १९८० च्या दशकापासून त्यावर बहुविध औषधांचा उपचार आहे, सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो, आणि रोगी बरा होतो. तरीही घटस्फोटाला कारण म्हणून तो रोग आपल्या कायद्यांत नांदत होता. संसदेने तो पाच कायद्यांतून काढून टाकला २०१९ साली. कायद्याला इतकी वर्षे लागली. मावशींना किती लागतील?

भीतीचा तोटा दुहेरी असतो. ज्याला शिबे आहे तो लपवतो आणि उगीच झुरतो. आणि ज्याच्या डागाला स्पर्श कळत नाही, ज्याने त्याच आठवड्यात दवाखाना गाठायला हवा, तोही लपवतो; त्याचे बोट, त्याची नस त्यात जाते. म्हणून एवढे ध्यानात ठेवावे. घासल्यावर भुसा सुटणारा डाग बहुधा शिब्याचा. दुधासारखा पांढरा, गुळगुळीत डाग कोडाचा असू शकतो. आणि फिकट किंवा लालसर चट्टा बधिर असेल तर क्षणाचाही उशीर करू नये. निवाडा मात्र डॉक्टरांचा. आपला नव्हे, आणि औषधाच्या दुकानातल्या पोऱ्याचा तर नव्हेच. तो जे सरमिसळ मलम हातावर ठेवतो, त्यात बहुधा स्टेरॉइड असते. त्याने आठ दिवस बरे वाटते आणि पुढे बुरशी फोफावते.

माझी ती विद्यार्थिनी आता तालुक्याच्या गावी शिक्षिका आहे. डाग गेले, गेल्या उन्हाळ्यात दोन पुन्हा आले, तिने औषध लावले, तेही गेले. लग्नाचे म्हणाल तर ती घाईत नाही. आठवीच्या वर्गात ‘कोंडा’ या शब्दाचे दोन्ही अर्थ ती मुलांना सांगते, असे तिने कळवले आहे. पांढऱ्या डागांना शाळेच्या बाकावर जागा मिळाली पाहिजे, हे तिने माझ्याआधी ओळखले.

तेव्हा वाचकहो, तुळशीचे लग्न लागले की लगीनसराई सुरू होईल. नव्या साड्यांच्या, दागिन्यांच्या गर्दीत कोणाच्या मानेवर एखादा फिकट ठिपका दिसला, तर एवढेच मनात आणा: हिच्या अंगावर जे बिऱ्हाड आहे, तेच माझ्याही अंगावर आहे. तिथले जरा लांब झाले, माझे अजून वाटोळे आहे. आणि डाग आधी डॉक्टरांना दाखवावा, मग शेजारणीला. शेजारणीला नाही दाखवला तरी काही अडत नाही.